हृदयाचं भोक आणि मांडीतून गेलेली छत्री

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बोलायचं ठरलं तेव्हा सेक्रेटरींनी विषय सुचवला होता, 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. बँकेत जन्म काढलेल्या माणसाकडून दुसरं काय अपेक्षित असणार! पण ठेवींचे व्याजदर हल्ली तुम्हाला मोबाईलवर माझ्या आधी कळतात. म्हणून मी त्यांना म्हटलं, मला वीस मिनिटं द्या, हृदयाच्या भोकाबद्दल बोलतो. ते दचकले. "नाना, आनंदाचा कार्यक्रम आहे," म्हणाले. मी म्हटलं, गोष्टही आनंदाचीच आहे.

विषय निवडण्याचं कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीच्या, म्हणजे मुलीच्या मुलीच्या, हृदयातलं भोक छाती न उघडता बंद केलं. ते कानोकानी झालं आणि तेव्हापासून चार घरची माणसं माझ्याकडे येऊन गेली. काही आपल्या सोसायटीतली, काही आसपासच्या मळ्यांतली. चौघांनीही आत आल्यावर आधी दार लोटून घेतलं आणि मग आवाज खाली करून विचारलं. जणू कर्ज थकलंय. ते दार उघडावं म्हणून आज माईकवर बोलतोय. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, डॉक्टर नाही. जे डॉक्टरांनी समजावलं आणि जे नंतर स्वतः वाचलं तेवढंच सांगणार. उपचाराचा निर्णय डॉक्टरांनीच करायचा.

आता भोक म्हणजे काय. शाळेतलं आठवा: हृदयाला चार कप्पे, वर दोन अलिंद, खाली दोन निलय. उजव्या बाजूला अशुद्ध रक्त, डाव्या बाजूला फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं. मधे पडदा. आपल्या गच्चीवरच्या टाकीला नाही का मधे भिंत, एकीकडे नळाचं पाणी, दुसरीकडे बोअरचं? त्या भिंतीला भोक राहिलं की पाणी कुठून कुठे जाणार? जिकडे दाब जास्त तिकडून कमी दाबाकडे. हृदयात डाव्या बाजूला दाब जास्त असतो, म्हणून शुद्ध रक्तच उजवीकडे येतं आणि पुन्हा फुप्फुसाकडे जातं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खिडकीवर काम झालेलं गिऱ्हाईक घरी न जाता परत रांगेच्या शेवटी येऊन उभं राहतं. दोन-चार जणांनी असं केलं तर कॅशिअरला कळतही नाही. निम्म्या गिऱ्हाइकांनी केलं तर रांग रस्त्यावर जाते आणि कॅशिअर आडवा होतो. फुप्फुसाचं आणि हृदयाच्या उजव्या बाजूचं तेच होतं.

वरच्या दोन कप्प्यांमधल्या भोकाला डॉक्टर एएसडी म्हणतात, खालच्या दोन कप्प्यांमधल्याला व्हीएसडी. तिसरा एक प्रकार आहे, पीडीए. ते भिंतीतलं भोक नाही. बाळ पोटात असताना त्याची फुप्फुसं श्वास घेत नाहीत, म्हणून रक्ताला बाजूने काढून देणारी एक छोटी नळी असते. जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत ती मिटते. कधी मिटत नाही. हायवेचं काम चालू असताना काढून दिलेला वळणरस्ता काम संपल्यावरही उघडाच राहावा, तसं. जन्मणाऱ्या हजार बाळांत साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो, आणि त्यात ही भोकं सगळ्यांत जास्त. म्हणजे आपल्या पिंपळगावएवढ्या गावात अशी मुलं असणारच. ग्रहणात बाहेर पडल्यामुळे नाही, कुणाची नजर लागली म्हणूनही नाही. ही गोष्ट सासूबाईंनी सुनेच्या देखत मोठ्याने कबूल करावी अशी माझी इच्छा आहे.

सगळी भोकं बंद करावी लागत नाहीत, हेही आधीच सांगतो. व्हीएसडीची लहान भोकं पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटतात. डॉक्टर "सहा महिन्यांनी या" म्हणाले तर ते टाळत नाहीयेत, वाट बघतायत.

मोठा व्हीएसडी किंवा पीडीए असलेलं बाळ लवकर ओळखू येतं. दूध ओढता ओढता थांबतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, दर महिन्या-दोन महिन्याला छाती भरते. एएसडीची गोष्ट निराळी. तो गप्प बसतो. पोर खेळतं, पळतं, शाळेत जातं. थोडं बारीक असतं, पण आपल्याकडे बारीक पोराला काय कमी! तिशी-चाळिशीपर्यंत काहीच कळत नाही. बायकांमध्ये कधी बाळंतपणात कळतं, कधी त्यानंतरही नाही.

माझी एक चुलत बहीण होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. निफाडकडे मळ्यात दिलेली. द्राक्षाच्या छाटणीला, खुडणीला बायांच्या पुढे असायची. तीन बाळंतपणं घरीच झाली. चाळिशी ओलांडल्यावर तिला दम लागायला लागला, पाय सुजायचे, ओठ निळसर दिसायचे. आधी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या झाल्या, मग दमा म्हणून. शेवटी मुंबईला नेलं तेव्हा इको काढला आणि कळलं, वरच्या पडद्याला मोठं भोक, जन्मापासूनचं. मी बरोबर होतो. मी विचारलं, ऑपरेशन कधी करायचं? डॉक्टर म्हणाले, आता नाही करता येणार.

हे मला त्या दिवशी समजलं नव्हतं, पुढे नीट समजून घेतलं. वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त झेलून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होतात. तिथला दाब चढत जातो. काही जणांत तो इतका चढतो की प्रवाहच उलटतो, अशुद्ध रक्त उजवीकडून डावीकडे जायला लागतं, म्हणून ओठ निळे. त्या अवस्थेत ते भोकच उजव्या बाजूला वाफ सोडायची जागा झालेलं असतं. ते बुजवलं तर हृदय बसतं. म्हणजे जे भोक दहाव्या वर्षी बंद करायला हवं होतं, तेच त्रेचाळिसाव्या वर्षी उघडं ठेवावं लागतं. आक्का त्यानंतर सहा वर्षं होती. बहुतेक वेळ ओट्यावर, उशीला टेकून.

तिच्या लहानपणी, म्हणजे पन्नासच्या दशकात, कळलं असतं तरी उपाय काय होता? जगातच तेव्हा नुकती सुरुवात होती. २ सप्टेंबर १९५२ रोजी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचं अंग बर्फाने गार करून, रक्ताभिसरण काही मिनिटं थांबवून, उघड्या हृदयातलं भोक शिवलं. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्र लावून अठरा वर्षांच्या मुलीचं केलं. आणि १९५४ मध्ये त्याच मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी काय केलं ऐका. त्यांच्याकडे यंत्र नव्हतं, तर मुलाच्या नळ्या शेजारच्या टेबलावर झोपवलेल्या त्याच्या वडिलांना जोडल्या. ऑपरेशन होईपर्यंत बापाचं हृदय दोघांसाठी चाललं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो.

पुढे हृदय-फुप्फुस यंत्र सुधारलं आणि हे ऑपरेशन नेहमीचं झालं. आजही होतं आणि उत्तम होतं. पण छातीचं हाड कापावं लागतं, आठवडाभर मुक्काम, आणि मधोमध टाक्याची रेघ. त्या रेघेबद्दल पुढे बोलतो.

छाती न उघडता हृदयापर्यंत पोचता येतं, हे खरं तर त्याआधीच एकाने दाखवलं होतं. जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर. १९२९ साली त्याने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून रबरी नळी आत सरकवली, तसाच जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. वरिष्ठांनी बोलणी दिली. १९५६ ला नोबेल मिळालं.

मग प्रश्न उरला, नळीतून जाईल एवढं बारीक आणि आत गेल्यावर भोक झाकेल एवढं मोठं, असं काय न्यायचं? अमेरिकेतल्या किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात दोन छत्र्या समोरासमोर लावून पहिल्यांदा एएसडी बंद केला, पण त्याची नळी फार जाड होती. खरा मार्ग निघाला तो एका धातूमुळे. निटिनॉल, म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला, तिचीच आद्याक्षरं त्याच्या नावात आहेत. त्याचा गुण असा, की एकदा शिकवलेला आकार तो विसरत नाही. ओढून तार करा, नळीत घाला, बाहेर आला की परत मूळ रूपात. मिनेसोटातलेच डॉ. कुर्त अँप्लाट्झ, मूळचे ऑस्ट्रियाचे, यांनी या तारेची जाळी विणून दोन चकत्या आणि मधे जाडसर कंबर, असं उपकरण बनवलं. १९९५ पासून ते माणसांत वापरायला लागले आणि २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला सरकारी मंजुरी मिळाली. आपल्याकडे पेशंटची माणसं त्याला छत्री म्हणतात, कोणी बटण म्हणतं. मला बटणच जास्त पटतं. कापडाच्या दोन्ही बाजूंनी दाबून बसणारं टिचबटण असतं ना, तसं.

आपल्या मुंबईचं नावही यात आहे. भोक मोठं असलं की डावीकडची चकती पडद्याला सपाट टेकत नाही, आडवी होऊन भोकातून उजवीकडे घसरते. मुंबईचे डॉ. भरत दळवी आणि त्यांचे सहकारी यांनी आतच एक फुगा फुगवून चकतीला त्याचा टेकू द्यायचा, चकती बसली की फुगा हळूहळू रिकामा करायचा, अशी पद्धत २००५ साली जगापुढे मांडली. ती परदेशातले डॉक्टरही वापरतात. ऐकताना सोपं वाटतं. द्राक्षाच्या वेलीला आपण टेकू देतोच की. पण धडधडत्या हृदयात तो द्यायचा म्हणजे पाहा.

आता नातीचं. ती तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. जावई शेती करतात, पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत. तिथे तपासणीची गाडी आली. डॉक्टरबाईंनी छातीला नळी लावली, परत लावली आणि चिठ्ठी लिहून दिली. इकोमध्ये वरच्या पडद्याला सोळा मिलिमीटरचं भोक निघालं. घरात काय झालं असेल तुम्ही समजू शकता. ऐन टोमॅटोचा हंगाम, रोज मार्केटला गाडी, आणि घरात चूल थंड. माझ्या विहीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो त्या रेघेचा. "मुलीच्या जातीला छातीवर टाके, पुढे लग्नाचं काय?" मी त्यांना हसलो नाही. त्या जे बोलल्या ते पुष्कळ घरांत न बोलता ठरतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली अभ्यास प्रसिद्ध केला होता: हृदयाचं ऑपरेशन सांगितलेल्या मुलग्यांपैकी जेवढ्यांचं होतं, त्यापेक्षा मुलींचं बरंच कमी होतं. दोष तोच, सल्ला तोच. मुलींच्या बाबतीत "बघू पुढे" होतं. आणि एएसडी तर मुलींमध्येच जास्त आढळतो. आक्काच्या वेळी कोणाला माहीतच नव्हतं. आज चिठ्ठी हातात असताना "बघू पुढे" म्हणणं मला सहन होत नाही.

मुंबईला नेलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, भोकाभोवती पडद्याची पुरेशी कड आहे, छत्रीला धरायला जागा आहे, त्यामुळे छाती उघडायची गरज नाही. ही कड फार महत्त्वाची. पडद्याच्या मधोमध असलेलं भोकच छत्रीने बंद होतं. अगदी खाली झडपेजवळ किंवा वर मोठ्या शिरेच्या तोंडाशी असेल तर ऑपरेशनच करावं लागतं. तेव्हा "नाना, तुमच्या नातीला छत्री, मग आमच्याला टाके का?" असं एकाने विचारलं होतं, त्याचं उत्तर हे.

भूल दिली. जांघेतल्या शिरेला सुईएवढं भोक पाडून नळी आत, तिथून पोटातल्या मोठ्या शिरेने थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात, भोकातून पलीकडे डाव्या कप्प्यात. तिथे पहिली चकती उघडली. मग मागे ओढून पडद्याला टेकवली आणि अलीकडे दुसरी उघडली. हे सगळं एक्स-रेवर आणि घशातून घातलेल्या सोनोग्राफीच्या नळीवर बघत. शेवटी डॉक्टर ती छत्री तारेने पुढे-मागे हलवून बघतात, हलत नाही ना. तोपर्यंत ती तारेला स्क्रूने जोडलेलीच असते, नीट बसली नसेल तर मिटून परत बाहेर काढता येते. पक्की खात्री झाली की स्क्रू उलटा फिरवायचा. मला हा भाग सगळ्यात आवडला. बँकेत चेक पास करताना सही करण्याआधी आपण शेवटचं एकदा वाचतो, तसं.

सव्वा तास लागला. तिसऱ्या दिवशी कसारा घाट चढून घरी. जांघेत एक ठिपका, तोही महिन्यात दिसेनासा झाला. सहा महिने अ‍ॅस्पिरिनची गोळी, काही काळ उड्या मारणं आणि कबड्डी बंद, ठरल्या वेळी इको. तीन ते सहा महिन्यांत हृदयाचं स्वतःचं अस्तर त्या जाळीवर चढतं आणि छत्री पडद्याचाच भाग होऊन जाते. "नाना, माझ्या आत पाऊस पडतो का?" असं तिने विचारलं होतं. त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

धोका अजिबात नाही असं मी सांगणार नाही. क्वचित छत्री जागेवरून सुटते, मग ती नळीने पकडून काढावी लागते किंवा ऑपरेशन करावं लागतं. त्याहून क्वचित ती हृदयाच्या भिंतीला घासते. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावं. म्हणून छत्री बसवल्यावरही छातीत दुखणं, चक्कर, धाप असं काही झालं तर ताबडतोब दाखवायचं आणि इको चुकवायचा नाही.

आता ती तपासणीची गाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम असं तिचं नाव. देशभराच्या या कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. यात एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाही खरं तर. आपल्या सोसायटीतली बरीच मुलं खासगी इंग्रजी शाळेत जातात, व्हॅन दारात येते, फी भरमसाट. पण ही गाडी तिथे जात नाही. माझ्या मळ्यातल्या नातीचं भोक सापडलं आणि फ्लॅटमधल्या नातवाची छाती त्याच्या शाळेत कोणी तपासलेली नाही. तेव्हा पुढच्या वेळी ताप-सर्दीला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा सांगा, "जरा हृदयाचे ठोके नीट ऐका." दोन मिनिटांचं काम आहे. ठोक्यांत आवाज आला म्हणजे भोक आहेच असं नाही, पुष्कळ निरोगी मुलांतही येतो. इको केला की उलगडा होतो.

पैशांचं बोलल्याशिवाय मी खाली बसलो तर तुम्हाला चैन पडणार नाही. बिलात मोठा वाटा त्या छत्रीचाच असतो. पण ही तिन्ही प्रकारची भोकं छत्रीने बंद करणं महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली तीच ही योजना, २०१७ मध्ये नाव बदललं. आधी पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती, २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेतलं आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख केली. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जायचं. फोन १५५३८८. खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात तर लहान मुलांच्या हृदयाचे उपचार मोफतच होतात, तिथे बिलाची खिडकीच नाही.

अडतं कुठे, तर कागदांवर. हा मात्र माझा प्रांत. रेशन कार्डात मुलाचं नाव घातलेलं नसतं. जन्मदाखल्यात एक स्पेलिंग, आधारमध्ये दुसरं. एका घरात तर पोराचं नाव आधारवर 'बाळ' एवढंच होतं, पाचवीत गेला तरी. मंजुरी त्यावरून लटकते आणि तारीख जाते. घरात मूल जन्मलं की पहिल्या वर्षातच ही तीन कागदं एकाच नावाची करून घ्या, दुखणं असो नसो. आणि इकोचे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाईलला लावा, सीडीसकट. डॉक्टर मागचं भोक आणि आजचं भोक ताडून बघतात, मागचा कागद नसेल तर त्यांना अंदाजच राहतो.

भाषणानंतर तिघांनी प्रश्न विचारले, तेही इथे देतो.

बी विंगमधल्या एका सुनेने विचारलं, छत्री बसवलेल्या मुलीला पुढे बाळंतपण चालतं का? चालतं. भोक वेळेवर बंद झालं असेल आणि फुप्फुसाचा दाब नॉर्मल असेल तर बाळंतपण इतर बायकांसारखंच होतं, फक्त डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं.

दुसरे आमचे मॉर्निंग वॉकचे सोबती. साठीनंतर त्यांच्या इकोत 'पीएफओ' लिहून आलंय आणि तेव्हापासून जेवण जात नाही. पोटात असताना सगळ्यांच्याच वरच्या पडद्याला एक फट असते, आणि चारातल्या साधारण एका माणसाची ती पूर्ण मिटत नाही. इथे बसलेल्या शंभरात पंचवीस जणांना असेल. कारण न सापडणारा पक्षाघात तरुण वयात होऊन गेला असेल तरच सहसा ती बंद करायचा विचार होतो. तुम्ही जेवा, आणि तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

तिसरा प्रश्न सतरंजीवरून आला, विमानतळावर छत्री वाजते का? सहसा वाजत नाही, जाळी फार हलकी असते. एमआरआयही करता येतो, पण आधी कार्ड दाखवायचं. छत्री बसवल्यावर रुग्णालय कंपनीचं एक कार्ड देतं, तिचा नंबर आणि माप असलेलं. नातीचं कार्ड मी लॅमिनेट करून आणलंय, कोणाला बघायचं असेल तर चहाच्या टेबलापाशी मी आहेच. योजनेच्या कागदांची यादीही झेरॉक्स करून ठेवलीय. घरी यायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर या, दुपारी मी झोपतो.